देव माणसात मुरला

अण्णा, आज वर्गात मी तुमचं वाक्य वापरलं आणि तुमचं नाव सांगितलं नाही. रविवारची भक्ती आटोपली की इथे लातूरला मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्ग मी घेते. शाळेतून निवृत्त झाल्यापासून हेच काय ते माझं काम, आणि खरं सांगायचं तर मला ते फार आवडतं. पंधरा-सोळा वर्षांची सात-आठ मुलं असतात, त्यातली निम्मी आईच्या धाकानं आलेली. आज प्रायश्चित्ताचा धडा होता. ख्रिस्तानं आपल्या सगळ्यांच्या पापांचं प्रायश्चित्त केलं, असं मी नेहमीच्या चालीवर सांगत होते, तर मागच्या बाकावरची एक मुलगी उठली. वकिलाची मुलगी आहे, तोंडाची फटकळ. म्हणाली, "मॅडम, प्रायश्चित्त तर ज्यानं चूक केली त्यानं करायचं असतं ना? दुसऱ्यानं केलं तर ते प्रायश्चित्त कसं? आणि एकाची शिक्षा दुसऱ्यानं भोगली, तर तो न्याय कुठला?" पेंगणारा वर्ग जागा झाला. मी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पुस्तकातलं उत्तर मला पाठ आहे, ते मी बाजूला ठेवलं. मी म्हणाले, "देव माणसात मुरला, एवढं लिहून घे. बाकीचं मी समजावून सांगते." तिनं लिहून घेतलं. घरी येताना रिक्षात माझ्या लक्षात आलं, की ज्या वाक्यापायी तुमचं शिकवणं बंद झालं, तेच मी आज फळ्यासमोर उभी राहून शिकवलं आणि कुणी हूं की चूं केलं नाही.

तुम्हाला जाऊन पंचवीसेक वर्षं झाली असतील. इतक्या वर्षांत तुम्हाला पत्र लिहावं असं कधी वाटलं नव्हतं. आज जेवण झाल्यावर ताट तसंच ठेवून बसले. आज नळाला पाणी येण्याचा दिवस नाही, त्यामुळे भांडी घासायची घाई नाही. खिडकीत कढीपत्त्याची कुंडी आहे, गुडघे सोडले तर तब्येत बरी आहे, दुपार माझीच आहे. तुम्ही असतात तर म्हणाला असतात, "लई सुखात हायस की." हो अण्णा, आहे.

ते वर्ष मला घडलं तसं मांडायचं आहे. आपलं गाव मुखेड तालुक्याच्या अगदी टोकाला. ओढ्याच्या अलीकडे नांदेड आणि पलीकडे लातूर, आणि लातूर तेव्हा नुकताच वेगळा जिल्हा झालेला. त्या ओढ्यात पाण्याचा टिपूस नव्हता. पाऊस लागोपाठ ओढ देत होता, ज्वारी गुडघ्याच्या वर गेलीच नाही, आणि आपली सगळी ख्रिस्ती वस्ती रोजगार हमीच्या कामावर माती वाहत होती. तुम्ही भक्तीला जमणाऱ्या मंडळीचे प्रचारक. रविवारी शास्त्र सांगायचं, आणि सोमवारी त्याच माणसांच्या रांगेत टोपलं घेऊन उभं राहायचं. आई म्हणायची, "ऐतवारी ह्यांनी बोलायचं अन् आपण ऐकायचं, बाकीचे सा दिस मुकादमानं बोलायचं अन् ह्यांनी ऐकायचं." तुम्हाला त्यात काही कमीपणा वाटला नाही. उलट कामावरचे शब्द तुम्ही खुशाल शास्त्रात आणायचात.

बदली हा त्यातलाच शब्द. त्या वर्षी ज्याला भेटावं त्याची बदली झालेली असायची. तलाठ्याची झाली, दवाखान्यातल्या कंपाउंडरची झाली, शाळेतल्या मास्तरांची नव्या जिल्ह्यात झाली आणि त्यांच्या जागी कुणी आलंच नाही. कामावर बदलीचा अर्थ वेगळा होता. सकाळी मुकादम हजेरी पुकारायचा. जिचं नाव पुकारलं ती आजारी असेल तर तिची जाऊ, सासू, कुणीतरी "हाजर" म्हणायचं आणि तिच्या नावावर दिवसभर राबायचं. नाही तर नाव कटायचं. मुकादमाला सगळं कळत असे, तो मान खाली घालून पुढचं नाव पुकारी. नाताळाच्या सुट्टीत मी नांदेडच्या वसतिगृहातून घरी आले, त्या पहिल्याच रविवारी तुम्ही ह्यावर बोललात. मला तुमचे हात आठवतात, मातीनं भेगाळलेले, शास्त्राच्या पानावर ठेवलेले. "येशू आपला बदली हाय," तुम्ही म्हणालात. "वरच्या हजेरीत आपलं नाव पुकारलं. क्रुसावर जायचं हुतं आपल्याला. त्यो पुढं झाला अन् म्हणला, हाजर."

पटलं होतं सगळ्यांना. मग मावशी बोलली. मावशी म्हणजे वस्तीतली सगळ्यात म्हातारी बाई, नात्यानं कुणाचीच नाही, म्हणून सगळ्यांची मावशी. ती म्हणाली, "बदली होऊन आला म्हन्ता, मंग आदुगरचा सायेब कुठं गेला?" सगळे हसले. तुम्हीही हसलात. तुम्ही तिला समजावलं, की ही ती बदली नाही, ही हजेरीतली बदली. तर मावशीनं डावा हात वर केला. त्याच्या मधल्या बोटाला चिंधी गुंडाळलेली होती.

"ऐका मंग," ती म्हणाली. "सून तापानं फणफणून राहिली हुती. तिच्या नावानं म्या गेले, हाजर म्हणले. तिचं नाव राहिलं. धोंडा पडला, बोट माझं चेंगरलं. ते बी बरोबर. पर सांजच्याला घरी येऊन बघती, तर पोरीचा ताप तेवढाच. नावाचं काम झालं, तापाचं न्हाई झालं. येशू माझ्या नावानं हाजर म्हणला, त्याचे लई उपकार हायत. पर माझा ताप कोण उतरवील, अण्णा?"

तुम्ही शास्त्र मिटलंत. "फुडल्या ऐतवारी सांगतो, मावशे," एवढंच म्हणालात आणि प्रार्थना करून उठलात. पुढं मी मोठमोठी पुस्तकं वाचली, अण्णा. पाश्चात्त्य पंडितांनी ह्यावर शेकडो वर्षं वाद घातला आहे. शिक्षा दुसऱ्यानं भोगली तर माणसाचं देणं फिटेल, पण माणूस बरा कसा होईल, हाच तो वाद. मावशीला अक्षर येत नव्हतं. तिनं चेंगरलेलं बोट वर करून तोच मुद्दा मांडला, आणि पंडितांपेक्षा थोडक्यात मांडला.

तो आठवडा तुम्ही जेवणावर लक्ष ठेवून जेवला नाहीत. आई भाकरी थापता थापता कुरकुरली, की मावशीला उत्तर द्यायचं तर देऊन टाका, आमटी का गार करता. आणि उत्तर मिळालं ते कामावरच. तुम्ही सगळे जे बांधत होतात तो पाझर तलाव होता. पण पाझर तलाव म्हणजे काय ते वस्तीत कुणालाच नीट ठाऊक नव्हतं. तळं म्हटलं की पाणी साठायला पाहिजे, ही साधी समजूत. बांधाच्या आतल्या बाजूला खडक उघडा पडला होता, त्याला जागोजाग भेगा. तुम्ही पाचसहा जणांनी विचार केला, की सरकारचं काम आहे म्हणून काय झालं, आपल्या हातचं तळं गळकं कशाला असावं? कुणी सांगितलेलं नसताना, जेवणाच्या सुट्टीत, तीन दिवस खपून तुम्ही त्या भेगांत काळी माती कालवून ठासून भरलीत. वरून हातानं सारवल्यासारखी गुळगुळीत केलीत. चौथ्या दिवशी मी भाकरी घेऊन आले होते, तेव्हाच इंजिनिअर साहेब जीपमधून उतरले. तरुण होते, नव्यानं रुजू झालेले. त्यांनी ते पाहिलं आणि डोक्याला हात लावला.

"कुणी केलं हे?"

तुम्ही अभिमानानं पुढे झालात. "आमी केलं सायेब. येक थेंब बी जायाचा न्हाई आता."

"अहो, तो जायलाच पाहिजे! हे पाणी इथं ठेवायचं नाही, मुरवायचं आहे. ह्या भेगांतनं ते खाली जाईल आणि खालच्या सगळ्या विहिरींना लागेल."

"कुणाच्या विहिरींना, सायेब?"

"सगळ्यांच्या. खाली खडक एकच आहे. तो थोडाच विचारतो विहीर कुणाची आहे म्हणून?"

बाया तोंडाला पदर लावून हसत होत्या. तुम्ही मात्र हसला नाहीत. तुम्ही खाली बसलात आणि स्वतः भरलेली माती पहारीनं उकरून काढायला लागलात. मी भाकरीचं फडकं घेऊन बाजूला उभी. मध्येच तुम्ही पहार थांबवलीत आणि माझ्याकडे बघून म्हणालात, "बुजवून राहिलो हुतो की गं आपण. ज्या वाटंनं जायाचं, तीच." मला वाटलं, कामाबद्दल बोलताय. तुमचा चेहरा उजळलेला होता. साठीला आले मी, पण इतक्या आनंदात चूक कबूल करणारा माणूस मी दुसरा पाहिला नाही.

पुढचा रविवार म्हणजेच नाताळ होता, त्या भक्तीला तुम्ही ते सांगितलंत. मला अजून जवळजवळ शब्दाला शब्द आठवतं. "देव माणसात मुरला," तुम्ही सुरुवातच तिथून केली. "येशूनं येका माणसाचं अंग घेतलं म्हन्तो आपण. येकाचंच घेतलं आसतं तर त्याचं त्याला. माझा संबंध काय? पर माणूस वरून येगळा येगळा दिसतो. ही हिची विहीर, ही त्याची विहीर. खाली माणूसपण येकच हाय. देव त्याच्यात उतरला. भुकंत शिरला, भ्यात शिरला. जितक्या भेगा तितक्यात शिरला. जिथं त्यो शिरला न्हाई तिथलं दुखणं बरं व्हायचं न्हाई, म्हणून मरणात बी शिरला. मावशे, तुझा ताप आतून उतरायचा हाय, हजेरीतनं न्हाई." मावशी पदर सावरून म्हणाली, "आता कसं, बैजवार सांगितलं." घरी आल्यावर आईनं मात्र तुमची टोपी उडवली. "लोणचं मुरतंय हे ठाव हाय. देव कसा मुरंल?" तुम्ही म्हणालात, "लोणचं फोडीत मुरतं तवा फोड खायाजोगी होती का न्हाई? तसंच." आई म्हणाली, "लोणच्याची अन् देवाची येकच रीत का?" आणि तुमच्या ताटात एक फोड जास्तीची टाकली.

सुट्टी संपली, मी नांदेडला परत गेले. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर मी पाळकसाहेबांना, आपल्या भागातल्या सगळ्या प्रचारकांच्या वरिष्ठांना, पत्र लिहिलं. मी कोण ते लिहिलं नाही, एवढं लिहिलं की अमुक वस्तीत मंडळीला शिकवलं जातं की देव माणसात मुरला, ख्रिस्तानं आपल्या जागी शिक्षा भोगली हे आता सांगितलं जात नाही, तर हे आपल्या धर्मशिक्षणाच्या प्रश्नोत्तरीला धरून आहे काय, ह्याचा कृपया खुलासा व्हावा. माझं अक्षर वसतिगृहात नावाजलेलं होतं. मी ते सुंदर काढलं.

मे महिन्यात, मी सुट्टीला घरी असताना, पाळकसाहेब एसटीनं आले. भला माणूस होता, मी त्यांना दोष देत नाही. ओढ्यापासून उन्हातनं चालत आले, घामानं डबडबलेले, आईनं दिलेला कोरा चहा त्यांनी दोनदा मागून घेतला. आपल्याच ओसरीवर मंडळी जमली. त्यांनी हळूच सुरुवात केली, की मुरला हा शब्द बरा नाही. साखर मुरते, पाणी मुरतं, मुरलेलं पुन्हा वेगळं दिसत नाही. देव असा नाहीसा होत नसतो. "तुम्ही असं म्हणा," ते म्हणाले, "की ख्रिस्तानं मनुष्यस्वभाव धारण केला. पुस्तकात हाच शब्द आहे."

मावशी पुढे सरकली. "सोभाव? कुणाचा सोभाव? माणसामाणसाचा सोभाव येगळा. आमच्या धाकल्या दिराचा घेतला आसंल तर कठीण हाय बाबा." पाळकसाहेबांनाही हसू आवरलं नाही. चहाचा कप त्यांनी खाली ठेवला. पण मी बघत होते, मावशीनं त्यांना बरोबर पकडलं होतं. स्वभाव म्हटलं की आपल्या लोकांना एकेकट्या माणसाचा रागलोभ दिसतो, आणि पुस्तकाला सांगायचं असतं ते सगळ्यांत जे एक आहे ते. तुम्ही माणूसपण म्हणत होतात ते जास्त नेमकं होतं. सोळा वर्षांच्या मला हे कळलं, अण्णा, त्याच वेळी कळलं. आणि मी दाराच्या चौकटीला टेकून गप्प उभी राहिले.

मग पाळकसाहेबांनी खरा मुद्दा काढला. "समजा, सगळ्यांच्या खाली एकच खडक आहे. मग एखाद्यानं पाप केलं तर ते कुणाचं? खडकाचं? प्रत्येकानं आपापला जाब द्यायचा आहे, हे राहतं कुठं?"

तुम्ही विचार करून बोललात. "जाब ज्याचा त्यानंच द्यायचा, सायेब. विहीर ज्याची त्यानंच खणायची. गाळ बी त्यानंच उपसायचा. पाणी तेवढं त्याच्या घरचं नसतंय."

पाळकसाहेबांनी कपाळावरचा घाम पुसला. नंतर म्हणाले, की तुमचं चुकलं असं म्हणायला माझी जीभ रेटत नाही, पण तक्रार आली आहे, मला वर उत्तर द्यायचं आहे. आजपासून तुम्ही शिकवू नका. लातूरकडून शिकलेला प्रचारक येईपर्यंत नुसती गाणी आणि प्रार्थना चालवा. मंडळीत गलका झाला. तक्रार कुणी केली? कुणाचा कागद आहे? पाळकसाहेबांनी खिशातून तो काढला आणि तुमच्या हातात दिला. तुम्ही वाचायला सुरुवातही केली नसेल, पहिल्या ओळीवरच तुमचे डोळे थांबले. अक्षर तुम्हीच गिरवून घेतलं होतं माझं, पाटीवर. तुम्ही कागदाची घडी घातलीत. लोक विचारत राहिले. तुम्ही म्हणालात, "आमच्याच घरातनं गेलाय ह्यो कागद. म्हंजी माझाच समजा."

लोकांनी ते खरं धरलं. अण्णा कितीही केलं तरी सरळ माणूस, मनात शंका आली म्हणून स्वतःच स्वतःची तक्रार केली, असं वस्तीनं ठरवून टाकलं. तुम्ही गेल्यावर तुमच्या मातीलाही ते मोठ्या प्रेमानं सांगितलं गेलं. मी तिथे होते. मीही होकाराची मान हलवली.

दुसऱ्या दिवशी मी तुम्हाला तळ्याच्या बांधावर गाठलं. रागानं मला रडू येत होतं. "माझाच असं कशाला म्हणालात? मी लिहिलंय ते. मला रागवा की!" तुम्ही डोक्यावरचं टोपलं उतरवलंत. "मंग काय म्हणू? ही माझी लेक न्हाई, हिला येगळं काढा, आसं म्हणू?" म्हणालात, "तुला पटलं न्हाई, तू इचारलंस. शिकल्यालं माणूस इचारतच आसतंय. त्याच्यात काय रागवायचं?" आणि टोपलं परत डोक्यावर घेतलंत. मला वाटलं होतं, तुम्ही माझ्या जागी उभे राहिलात, म्हणजे मी सुटले. पण तसं झालंच नव्हतं. तुम्ही मला सोडवलं नव्हतं, आपल्यात ठेवून घेतलं होतं. दोन्हीत फार फरक आहे, आणि तो समजायला मला निम्मं आयुष्य लागलं. आज त्या वकिलाच्या मुलीला मी हेच सांगायचा प्रयत्न केला. ख्रिस्तानं परक्याची शिक्षा भोगली असती तर तू म्हणतेस तसा तो अन्यायच. त्यानं परकं कुणाला मानलंच नाही, माणसाचं सगळं आपलं म्हटलं, आणि आपलं म्हटल्यावर निस्तरावंच लागतं. ती म्हणाली, "पण मॅडम, मग माझ्या चुकीचं मी काय करायचं?" मी म्हणाले, "गाळ उपस." हेही वाक्य तुमचंच. तेही नाव न सांगता.

पुढचं सगळं बरंच झालं, हे तुमच्याइतकं मलाही ठाऊक आहे. पावसाळ्यात तळं भरलं आणि महिन्याभरात कोरडं पडलं, तेव्हा सारा गाव वस्तीला हसला. मग खालच्या अंगाच्या विहिरींना पाणी चढायला लागलं आणि हसणं थांबलं. ज्या विहिरीच्या पायरीवर माझ्या लहानपणी आपल्याला पाय ठेवू देत नव्हते, तिलाही चढलं. तिचे मालक, गळ्यात इष्टलिंग बांधणारे लिंगायत, म्हातारे शेतकरी, स्वतः ओसरीवर येऊन सांगून गेले, "अण्णा, तुमचं पाणी आलं बरं का आमच्यात." तुम्ही म्हणालात, "आमचं कसलं, मालक." पण तो दिवसभर तुम्ही गाणं गुणगुणत होता. लातूरकडचा नवा प्रचारक आला, पोरसवदा, चांगला बोलायचा, आणि योगायोग बघा, पहिल्याच रविवारी येशू आपला बदली आहे असं म्हणाला. तुम्ही मागच्या ओळीत बसून मान डोलावलीत. मावशी तुम्हाला कोपरानं ढोसत होती आणि तुम्ही तिला दटावत होता. घरी येताना म्हणालात, "ते बी खोटं न्हाई. ताप उतरंपतुर नाव तरी राहाया पायजे का न्हाई?" मला ते आवडलं. आजही माझं मत तेच आहे. दोन्ही लागतं.

शेवटची काही वर्षं तुम्ही माझ्याकडे लातूरला राहिलात. शाळेतून मी यायची वाट बघत दारात खुर्ची टाकून बसायचात, शेजारपाजारच्या सगळ्यांना तुम्ही ओळखत होता, मला मात्र कुणाचीच नावं माहीत नव्हती. जाताना तुम्हाला काही जड गेलं नाही. आई आधीच गेली होती. तुमच्या मनात माझ्याविषयी काही राहिलं असेल असं मला एकदाही वाटलं नाही, आणि म्हणूनच मला ते बोलता आलं नाही. माफी मागायला समोरच्याचा थोडा तरी राग लागतो. तुम्ही तेवढीही सोय ठेवली नाहीत.

तेव्हा हे पत्र. ते कुठल्या पेटीत पडणार नाही, हे दोघांनाही माहीत आहे, म्हणून लिहिते. तुम्ही बांधावर म्हणालात, तुला पटलं नाही म्हणून तू विचारलंस. अण्णा, मला पटलं होतं. नाताळालाच पटलं होतं. पत्र लिहिण्याचं कारण वेगळं होतं, आणि मला वाटतं तुम्हाला ते माहीत होतं. त्याच्या आधी चार-पाच दिवस तुम्ही वसतिगृहावर आला होतात. दुपारची वेळ होती, आम्ही मुली व्हरांड्यात वह्या घेऊन बसलो होतो. तुम्ही फाटकातून आत आलात. कामावरून परस्पर बस धरली असणार, केसांत, भुवयांत, कानात माती, धोतर गुडघ्यापर्यंत मळलेलं, हातात फडक्यात बांधलेल्या भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. मुली खुसखुसल्या. वसतिगृहाच्या बाईंनी मला विचारलं, "कोण गं हे?" आणि मी म्हणाले, "आमच्या गावचे प्रचारक आहेत."

तुम्ही माझ्याकडे पाहिलंत. फार वेळ नाही. मग बाईंकडे वळून म्हणालात, "हाव बाई, गावचा प्रचारक हाय म्या. हिकडं काम हुतं, म्हणून ह्यांच्या घरचं आणून दिलं." फडकं माझ्या हातात दिलंत. "आई बरी हाय तुमची," मला म्हणालात. "तुमी अभ्यास करा." जन्मात तुम्ही मला तुम्ही म्हणाला नव्हतात. आणि मागं न बघता फाटकातून गेलात.

ज्याला आपण नाकारलं तो माणूस बरोबर असला, की जगायला अवघड जातं. मला तुम्ही चुकलेले हवे होतात. बाप मी त्या दिवशीच काढून घेतला होता, तुमच्याकडे प्रचारक तेवढा राहिला होता. चटणी मात्र मी परत केली नाही, अण्णा. चार दिवस कुणालाही न देता एकटीनं खाल्ली, आणि पाचव्या दिवशी पाळकसाहेबांना पत्र लिहिलं.